दोन कड्यांचें दार

आमचा वाईचा वाडा आजोबांच्या हयातींतच दोघां भावांत वांटला गेला. ओटी, माजघर, कोठीची खोली, परसू यांची वांटणी पंचांनीं एका दुपारीं उरकली. परंतु आड तेवढा आमच्या वांट्यास आला आणि देवघर धाकट्या आजोबांच्या वांट्यास गेलें. मधली भिंत उभी राहूं लागली तेव्हां दोघां भावांनीं मिळून तींत एक लहानसें दार ठेवविलें आणि त्या दाराला दोन्ही अंगांनीं कड्या बसविल्या. एका घरानें आपली कडी काढली तरी दुसऱ्या घरानें काढल्यावांचून दार उघडत नसे. पाण्याच्या वेळीं त्यांना आमच्या कडीची गरज आणि पूजेच्या वेळीं आम्हांला त्यांच्या! एकदां एका लग्नांतील मानापमानावरून तें दार तीन वर्षें बंद राहिलें. चौकट शाबूत होती, बिजागऱ्या गंजल्या नव्हत्या; दोन्ही बाजूंनीं एकाच वेळीं हात पुढें येणें, एवढेंच काय तें थांबलें होतें. त्या तीन वर्षांत त्यांनीं कृष्णेवरून पाणी आणिलें आणि आम्हीं कोनाड्यांत देव मांडले.

गेल्या महिन्यांत या सदरांत घरच्या जमाखर्चाविषयीं चार गोष्टी लिहिल्या होत्या. या महिन्याचा विषय वरकरणीं घराबाहेरचा, किंबहुना देशाबाहेरचा आहे; परंतु मला तो सुचला तो या दाराच्या आठवणीनेंच. शेजारशेजारचीं दोन शहरें, त्यांच्या मधून गेलेली दोन राज्यांची सरहद्द, आणि ती ओलांडून रोज जाणारी-येणारी आगगाडी. अशा गाडीची योजना कशी होते, ती शंभर वर्षें कशी अडून राहते, आणि एकदांची सुरू झाल्यावरही कोणते प्रश्न मागें उरतात, हें मला मध्यंतरीं प्रत्यक्ष पाहावयास मिळालें.

माझी भाची जिनिव्हा शहरांत एका प्रयोगशाळेंत नोकरीस आहे. तिचें बिऱ्हाड मात्र जिनिव्हांत नाहीं, आणि स्वित्झर्लंडांतही नाहीं. तें आहे फ्रान्समधील आनमास या गांवीं. दिवसभर एका देशांत काम करावयाचें आणि रात्रीं दुसऱ्या देशांत निजावयाचें, हें ऐकून आमची अक्का प्रथम गडबडून गेली होती. पण नकाशा उघडला कीं त्यांतील नवल ओसरतें. जिनिव्हाचा प्रांत हा स्वित्झर्लंडच्या पश्चिम टोंकाला एखाद्या बोटासारखा फ्रान्समध्यें शिरलेला आहे. त्याच्या सीमेपैकीं शंभर किलोमीटरांहून अधिक फ्रान्सला लागून आणि अवघी चार-साडेचार किलोमीटर आपल्या स्वतःच्या देशाला लागून! शहर मोठें, श्रीमंत, जागतिक संस्थांनीं गजबजलेलें. पण त्याला पाय पसरावयास जागा नाहीं. अर्थात् तेथील घरभाडें सामान्य पगारदाराच्या आवांक्याबाहेरचें झालें, आणि माणसें सरहद्दीपलीकडे राहूं लागलीं. अशा रीतीनें फ्रान्समध्यें राहून जिनिव्हांत कामास जाणाऱ्यांची संख्या आज एक लक्षाहून अधिक आहे.

भाची तेथें राहावयास गेली तेव्हां थेट आगगाडी नव्हती. आनमासहून जिनिव्हाच्या मुख्य स्थानकापर्यंतचें अंतर तें केवढें! पण सकाळीं निघालेली मोटार मोयसूलाझच्या नाक्यावर मुंगीच्या पावलांनीं सरके. तिचें मूल तेव्हां सवा वर्षाचें होतें. पाळणाघर संध्याकाळीं ठराविक वेळीं बंद होई. आणि ही इकडे मोटारींच्या रांगेंत अडकून घड्याळाकडे पाहत बसे. एके दिवशीं ती अर्ध्या तासानें उशिरा पोंचली, तों मूल पायऱ्यांवर एका बाईच्या कडेवर रडून रडून झोंपीं गेलेलें. "मामा, त्या दिवशीं मीं नोकरी सोडण्याचा निश्चय केला होता," असें तिनें मला सांगितलें. तिनें नोकरी सोडली नाहीं, याचें श्रेय ती पुढें सुरू झालेल्या गाडीला देते. आतां आनमासहून जिनिव्हाच्या कोर्नावँ स्थानकापर्यंत गाडी सुमारें बावीस मिनिटांत जाते. मीही तिच्याबरोबर गेलों. माझ्या मनांत सरहद्द पाहण्याची मोठी उत्सुकता होती; पण गाडी जमिनीखालून जात होती, आणि "सरहद्द कोठें आली?" असें मीं विचारलें तेव्हां भाची हंसून म्हणाली, "मामा, ती केव्हांच मागें गेली!"

बावीस मिनिटांच्या या प्रवासाला किती वर्षें लागलीं, तें आतां ऐकावें. जिनिव्हाला फ्रान्समधील लियों शहराकडून पहिली आगगाडी १८५८ सालीं आली आणि रोन नदीच्या उजव्या अंगाला कोर्नावँ हें स्थानक झालें. पुढें नदीच्या डाव्या अंगाला ओ-व्हीव या भागांत १८८८ सालीं दुसरें स्थानक उघडलें. तेथून रूळ आनमासला जात. म्हणजे एकाच शहरांत दोन स्थानकें, एक या तीराला आणि एक त्या तीराला, आणि दोहोंना जोडणारा रूळ मात्र नाहीं! हा दुवा असावा, असें दोन्ही देशांनीं १८८१ सालींच मान्य केलें होतें. १९१२ मध्यें स्वित्झर्लंडचें मध्यवर्ती सरकार, जिनिव्हा प्रांत आणि तेथील सरकारी रेल्वे या तिघांनीं खर्च तिसऱ्या-तिसऱ्या हिश्शानें उचलण्याचा करारही केला. कागद झाला, सह्या झाल्या, हिस्से ठरले. आतां काय राहिलें, असें कोणालाही वाटेल.

राहिलें तें सगळेंच! दोन वर्षांनीं युरोपांत महायुद्ध पेटलें. युद्ध संपतें न संपतें तोंच सरहद्दीवरील जकातमुक्त पट्ट्यांवरून या दोन शेजाऱ्यांत वाद माजला. तो हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल लागावयास १९३२ साल उजाडलें. मग मंदी आली, मग दुसरें महायुद्ध आलें. कोर्नावँपासून ला प्राय येथील मालधक्क्यापर्यंतचा पहिला तुकडा १९४९ मध्यें झाला. आणि तेथें काम थांबलें तें थांबलेंच. तोंवर मोटारीचें युग आलें होतें. शहरांतून सरहद्द ओलांडून जाणाऱ्या जुन्या ट्रामगाड्याही एकामागून एक बंद पडल्या. ज्याला त्याला वाटूं लागलें कीं, मोटार दाराशीं असतां रुळांची उठाठेव हवी कशाला? पुढें प्रत्येकाच्या दाराशीं मोटार आली, तेव्हां कोणाचीच मोटार पुढें सरकेना; आणि मग नव्वद वर्षांपूर्वींचा तो करार कपाटांतून बाहेर काढण्यांत आला.

येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. असल्या योजना अडतात त्या पैशानें, अशी आपली समजूत असते. पैसा लागतोच. या सोळा किलोमीटरांच्या मार्गापैकीं सुमारें चौदा किलोमीटर स्वित्झर्लंडांत आणि दोन फ्रान्समध्यें आहेत. पँशा आणि शांपेल या टेंकड्यांखालून बोगदे काढावे लागले, आर्व्ह नदीवर पूल बांधावा लागला, आणि स्विस बाजूचा खर्च दीड अब्ज फ्रँकांच्या वर गेला. परंतु पैशाहून बिकट असतें तें माणसांचें मन. ज्यांच्या घरांखालून बोगदा जावयाचा त्यांनीं शेंकडों हरकती घेतल्या. प्रकरणें न्यायालयांत गेलीं. एका पक्षानें वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन, ही गाडी म्हणजे आनमासच्या हलकट लोकांची सोय, अशा अर्थाचें लिहिलें. शेजाऱ्याला हलकट म्हणावयाचें आणि त्याच्याच हातून आपलीं रुग्णालयें, दुकानें व उपाहारगृहें चालवावयाचीं, ही रीत मोठ्या शहरांची सर्वत्र सारखीच दिसते! अखेर २००९ च्या नोव्हेंबरांत जिनिव्हाच्या नागरिकांनीं मतदान केलें, आणि शंभरांतील साठांहून अधिक मतें गाडीच्या बाजूनें पडलीं. २०११ च्या नोव्हेंबरांत कामास आरंभ झाला. त्यासाठीं ओ-व्हीवचें जुनें स्थानक पाडावें लागलें. म्हणजे आठ वर्षें होती ती लहानशी गाडीही गेली आणि तिच्या जागीं बस आली. १५ डिसेंबर २०१९ रोजीं नवा मार्ग खुला झाला. १८८१ पासून मोजलें तर एकशें अडतीस वर्षें!

आणि तो मुहूर्त तरी निर्वेध साधावा कीं नाहीं? त्याच महिन्यांत फ्रान्समध्यें निवृत्तिवेतनाच्या कायद्यावरून रेल्वे-कामगारांचा मोठा संप चालू होता. स्विस बाजूच्या गाड्या वेळेवर निघाल्या, फ्रेंच बाजूच्या पुष्कळशा निघाल्याच नाहींत. घरांत वास्तुशांत व्हावी आणि शेजारची कडी लागलेली असावी, तशांतलाच हा प्रकार.

आतां थोडें योजनेच्या पोटांत शिरूं. सामान्य माणसाला वाटतें कीं, या बाजूचे रूळ आणि त्या बाजूचे रूळ एकमेकांस भिडवले कीं काम झालें. रुळांची रुंदी दोन्हीकडे एकच आहे, हें खरें. गाड्याही दोन्ही देशांत डाव्या अंगानेंच धांवतात, हें नशीब. परंतु स्वित्झर्लंडमध्यें गाडीच्या तारेंतील विजेचा दाब १५ हजार व्होल्ट, तर फ्रान्सच्या या भागांत २५ हजार. आणि विजेची कंपनसंख्याही निराळी. सिग्नलांची पद्धति निराळी, चालकांचे नियम निराळे, सुटीचे दिवस निराळे, नाणें निराळें, कामगारांचे कायदे निराळे. म्हणून या मार्गासाठीं दोन्ही प्रकारची वीज पेलणाऱ्या चाळीस गाड्या मुद्दाम घ्याव्या लागल्या: तेवीस स्विस कारखान्याच्या आणि सतरा फ्रेंच कारखान्याच्या. ही विभागणी नुसत्या हिशेबाची नव्हे; तींत मानपानही आहे, हें संयुक्त कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना वेगळें सांगावयास नको.

या गाड्या चालविण्याची व्यवस्था पाहणारी एक संयुक्त कंपनी निर्माण केली. तींत स्विस रेल्वेचा वांटा साठ टक्के आणि फ्रेंच रेल्वेचा चाळीस. साऱ्या जाळ्याला सरोवराच्या फ्रेंच नांवावरून 'लेमाँ एक्सप्रेस' म्हणतात. तें दोनशें तीस किलोमीटरांचें असून त्यावर पंचेचाळीस स्थानकें आहेत. पण मला या सर्वांत महत्त्वाचें वाटलें तें तिकीट. पूर्वी सरहद्दीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशीं तिकिटें काढावीं लागत. आतां एकच पास गाडी, ट्राम आणि बस या तिन्हींना दोन्ही देशांत चालतो. वरकरणीं ही केवढी क्षुल्लक गोष्ट! पण विचार करा: त्या एका कागदाच्या मागें दोन देशांतील अनेक प्रांत, नगरपालिका आणि कंपन्या यांनीं एकत्र बसून ठरवावें लागतें कीं, फ्रँकांत आलेला पैसा युरोंत कसा वांटावयाचा, मुलाला अर्धें तिकीट कितव्या वर्षापर्यंत, आणि विद्यार्थ्यास सवलत कोणाच्या पदरची. बोगदा खणणारें यंत्र विकत मिळतें. असली समजूत विकत मिळत नाहीं. आनमासपर्यंत ट्रामही त्याच दिवशीं सुरू करण्यांत आली, म्हणजे ज्याचें घर स्थानकापासून दूर आहे त्यालाही सोय व्हावी. गाडीच्या छतावर, म्हणजे झांकलेल्या मार्गाच्या वर, पायीं व सायकलीनें जाणाऱ्यांसाठीं झाडांचा रस्ता केला आहे. मीं संध्याकाळीं तेथें फिरावयास जात असें. खालून गाडी गेल्याचें कळतसुद्धां नाहीं.

रोज पन्नास हजार उतारू येतील, असा योजकांचा अंदाज होता. तो कांहीं वर्षांतच मागें पडला. मग सारें सुरळीत झालें म्हणावें काय? नाहीं. फ्रान्सच्या बाजूला डोंगरांतून येणारे कित्येक मार्ग अद्यापि एकेरी आहेत. तिकडे एक गाडी खोळंबली कीं समोरून येणारी स्थानकांत थांबून राहते आणि तो उशीर थेट जिनिव्हाच्या फलाटापर्यंत येऊन पोंचतो. एका घरानें कितीही रुंद दरवाजा केला तरी पलीकडचा बोळ अरुंद असला तर माणसें बोळाच्याच मापानें येणार. म्हणून असल्या योजनेंत सरहद्दीपाशीं थांबून चालत नाहीं. शेजाऱ्याच्या बोळाचीही काळजी आपली समजावी लागते. आणि नेमकें तेथेंच माणसाचें मन आंखडतें. जिनिव्हाच्या ज्या मतदारांनीं २००९ सालीं बोगद्याला मान्यता दिली, त्यांनींच २०१४ च्या मे महिन्यांत फ्रान्सच्या हद्दींत स्थानकांजवळ मोटारतळ बांधण्यासाठीं सुमारें तीस लक्ष फ्रँक देण्याचें नाकारलें. मोटारी सरहद्दीपलीकडेच उभ्या राहिल्या असत्या आणि जिनिव्हाचे रस्ते मोकळे झाले असते, हें खरें; पण आपला पैसा आणि दुसऱ्याची जमीन, हें गणित थोड्या मतांच्या फरकानें कां होईना पण पटलें नाहीं.

याच्या उलट एक जुनी व्यवस्था मात्र मला फार शहाणपणाची वाटली. १९७३ सालच्या करारान्वयें जिनिव्हा प्रांत आपल्याकडे काम करणाऱ्या फ्रान्सवासी लोकांच्या एकूण पगाराच्या साडेतीन टक्क्यांइतकी रक्कम दरसाल शेजारच्या दोन फ्रेंच जिल्ह्यांना परत देतो. कारण उघड आहे. हा माणूस कर भरतो जिनिव्हांत. पण त्याचीं मुलें शाळेंत जातात आनमासला, त्याच्या दारापुढचा रस्ता झाडावयाचा तो आनमासनें, त्याच्या घरचें सांडपाणी वाहून न्यावयाचें तेंही आनमासनेंच. कमावता मुलगा मुंबईस आणि त्याचीं मुलेंबाळें गांवीं वडील भावाच्या पंगतींत, अशीं किती घरें आपण पाहिलीं आहेत! मुंबईहून मनिऑर्डर नियमानें येत असली तर घर नांदतें; ती थांबली कीं पहिल्यांदां जावांचे आवाज चढतात, मग भिंत उभी राहते. जिनिव्हाची ही मनिऑर्डर पन्नास वर्षांहून अधिक काळ येत आहे.

तरीही पैशानें सगळेंच भरून निघत नाहीं. भाचीच्या शेजारीं एक वृद्ध बाई राहतात. त्या तेथील शाळेंत शिक्षिका होत्या. भाचीनें मध्यें दुभाषाचें काम केलें आणि आम्हां दोघांच्या पुष्कळ गोष्टी झाल्या. त्यांची मुलगी परिचारिका आहे. पूर्वी ती फ्रान्समधील रुग्णालयांत होती; आतां रोज गाडीनें जिनिव्हास जाते, कारण तेथील पगार दुपटीहून अधिक. त्यांचा मुलगा आनमासच्याच एका शाळेंत कामाला आहे. त्याला फ्रेंच पगारांत गांवांत घर परवडेना, म्हणून तो वीस किलोमीटर दूर राहावयास गेला. स्थानकापासून चालत जातां येईल अशा घरांचे भाव गाडीबरोबर चढले. तीं घरें फ्रँकांत पगार घेणारे घेतात. आणि जिकडच्या परिचारिका पलीकडे गेल्या तिकडच्या रुग्णालयांत खाटा आहेत, पण माणसें नाहींत. बाई म्हणाल्या, "या गाडीनें माझ्या मुलीला पगार दिला आणि माझ्या मुलाचें घर नेलें. आतां मी तिला आशीर्वाद देऊं कीं शिव्या, तें तुम्हीच सांगा."

मला उत्तर सुचलें नाहीं. ज्या घरांत मी पाहुणा म्हणून उतरलों होतों, तें घरही फ्रँकांच्या पगारावरच घेतलेलें होतें. भाचीनें दुभाषाचें काम चोख केलें, पण त्या वाक्यावर तिचा आवाज क्षणभर खालीं आला. घरीं येतांना ती म्हणाली, "मामा, बाईंचा मुलगा राहावयाचा ती जागा आमच्याच इमारतींत होती." त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललों नाहीं. पण माझ्या मनानें घेतलें तें असें: गाडीची योजना करणारे रूळ मोजतात, उतारू मोजतात, मिनिटें मोजतात, त्याबरोबरच स्थानकाभोंवतीं कोण राहूं शकेल आणि कोणाला उठून जावें लागेल, याचीही मोजणी त्यांनीं पहिल्याच दिवशीं केली पाहिजे. स्थानकाजवळची जमीन नगरपालिकेनें आधीं हातीं घ्यावी, तेथें बेताच्या भाड्याचीं घरें बांधावीं, मग रूळ टाकावे. क्रम उलटा झाला कीं शिक्षिकाबाईंचा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट दार बंद होण्याची. गाडी सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोंच २०२० च्या मार्चमध्यें कोरोनाची सांथ आली आणि सरहद्द बंद झाली. लहान नाक्यांवर सिमेंटचे ठोकळे आडवे टाकण्यांत आले. १५ जूनपर्यंत ही स्थिति होती. तरीही कामावर जाणाऱ्यांना परवाना पाहून सोडावें लागे; कारण जिनिव्हाच्या रुग्णालयांतील कितीतरी परिचारिका सरहद्दीपलीकडे राहणाऱ्या. त्या आल्या नसत्या तर श्रीमंत शहराची रुग्णालयें चाललीं नसतीं. आनमासच्या लोकांना हलकट म्हणणाऱ्यांनीं तेव्हां काय म्हटलें, तें मला कोणी सांगितलें नाहीं.

कित्येक वाचक म्हणतील कीं, हें सारें तिकडचें; आपल्याला याचें काय? म्हणून घरचें एक उदाहरण देतों. आमची एक आत्या फोंड्यास दिलेली होती. गोवा तेव्हां पोर्तुगिजांच्या ताब्यांत. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यांत १८७८ सालीं करार झाला, त्यांतून मुरगांव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज आगगाडी झाली. कॅसलरॉक हें इंग्रजांकडील स्थानक आणि घाटाखालीं कुळें येथें पोर्तुगिजांचा जकातनाका. पुण्याहून लोंढ्यामार्गें याच वाटेनें कुलदैवताला जाणारीं आपल्याकडील कितीतरी कुटुंबें. आत्या दर दिवाळीला याच गाडीनें माहेरीं येई. आणि कुळ्यांच्या नाक्यावर नारळांच्या पोत्याची झडती होतांना ती कशी लटपटे, याची नक्कल आमची आजी करून दाखवी. १९५५ सालीं भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध विकोपास गेले व ही गाडी बंद झाली. रूळ होते, बोगदे होते, दूधसागरचा पूलही होता. पण पूर्वीसारखें येणें-जाणें उरलें नाहीं. १९६१ च्या डिसेंबरांत गोवा मुक्त झाल्यावर आत्या माहेरीं आली, तेव्हां तिची आई, म्हणजे आमची आजी, तिला पाहून प्रथम कांहीं बोललीच नाहीं. नुसतें तिच्या पांढऱ्या झालेल्या केसांवरून हात फिरवीत राहिली. हें मला वडिलांनीं सांगितलें. सरहद्द आपल्या लोकांनीं आंखली नव्हती, आणि गाडी बंद झाली तीही योग्य कारणासाठीं, असें वडील नेहमीं म्हणत. पण त्या सहा वर्षांचा हिशेब घरांत कोणालाच मांडतां आला नाहीं.

अमृतसर आणि लाहोर यांचेंही तेंच. पन्नास किलोमीटरांच्या आसपासचें अंतर. फाळणीपूर्वीं एका शहरांतून दुसऱ्यांत जाणें म्हणजे शेजारच्या पेठेंत जाण्यासारखें. १९७६ च्या जुलैंत समझौता एक्सप्रेस सुरू झाली, अनेकदां थांबली, पुन्हां निघाली, आणि २०१९ च्या ऑगस्टपासून ती बंद पडली. तेथेंही रूळ जागच्या जागीं आहेत. कोणाची चूक आणि कोणाचा अपराध, हा वाद येथें काढावयाचा नाहीं. दाखवावयाचें तें इतकेंच कीं, लोखंड टिकतें म्हणून वाट टिकते असें नाहीं.

सारांश, शेजारच्या दोन शहरांमध्यें सरहद्द ओलांडून गाडी नेणें हें बांधकाम आहेच. परंतु बांधकाम एकदां होतें, आणि करार रोज करावा लागतो. जिनिव्हा व आनमास यांचा करार १८८१ मध्यें झाला म्हणून गाडी धांवली नाहीं. आणि २०१९ मध्यें धांवली म्हणून करार संपला नाहीं. वेळापत्रक दरसाल नव्यानें बसवावें लागतें, तिकिटाचा पैसा वांटावा लागतो, साडेतीन टक्के पोंचते करावे लागतात, एकेरी मार्गाच्या दुरुस्तीसाठीं दोन्ही सभागृहांत कोणीतरी उठून बोलावें लागतें, आणि शिक्षिकाबाईंच्या मुलासाठीं घर शोधावें लागतें. यांतील एकही काम मोठें दिसत नाहीं. पण एक जरी टळलें तरी दुसऱ्या बाजूचा हात कडीवर येण्यास कचरतो.

आमच्या वाड्यांतील त्या दाराचें शेवटीं काय झालें, असें कोणी विचारील. तीन वर्षांनंतर एके पहांटे धाकट्या आजोबांच्या घरांतून खुडबुड ऐकूं आली. त्यांच्या सुनेला दिवस भरले होते आणि गरम पाण्याला घरांत थेंब नव्हता. आजीनें कोणाला विचारलें नाहीं, आजोबांनाही नाहीं. तिनें आमच्या बाजूची कडी काढली. आणि पाहते तों पलीकडची कडी आधींच काढलेली होती. ती केव्हांपासून काढून ठेवली होती, हें धाकट्या आजीनें शेवटपर्यंत सांगितलें नाहीं.